बटणवाल्या मॅडम

आमच्या राजुऱ्याच्या कॉलेजात शर्टाचं बटण तुटलेलं असताना प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेसमोरून जायची सोय नव्हती. नसीम मॅडम दारातच उभ्या असायच्या. "ये इकडं. हालू नको," म्हणत त्या पोराला आत ओढायच्या, टेबलाच्या खणातून सुई-दोरा काढायच्या आणि शर्ट अंगावर असतानाच बटण शिवायला घ्यायच्या. शिवता शिवता प्रश्न सुरू. "बटण लावणाऱ्या एन्झाइमचं नाव सांग." "कायनेज, मॅडम." "आन कापणाऱ्याचं?" इथे पुष्कळ जण अडकायचे. मग सुई तिथंच थांबायची, आणि 'फॉस्फेटेज' हा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो पोरगा दोऱ्याला टांगलेला राहायचा. बाहेर त्याचे मित्र खिदळत असायचे, पण त्यांचा एक हात आपापल्या बटणांवर असायचा.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची मॅडमच्या शेजारी, एवढाच माझा नि मेंदूविज्ञानाचा संबंध. एकदा डबा खाताना मी सहज विचारलं की हे बटणाचं काय प्रकरण आहे. त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. ठेवला तो ठेवलाच, कारण तास संपल्याची घंटा होईपर्यंत त्या बोलत राहिल्या.

"सर, प्रोटीन म्हणजे कुरता समजा. शिवून तयार हाय, पण बटण नाई. घालून फिरता येते का? नाई. मंग कायनेज येते, फॉस्फेटचं बटण लावून देते, कुरता कामाले लागते. थोड्या वेळानं फॉस्फेटेज येते कात्री घेऊन. बटण कापलं का कुरता पुन्हा खुंटीवर. तुमच्या डोक्यात आता हेच चालू हाय. मी बोलून राह्यली, तुमचे कायनेज बटणं लावून राह्यले."

"आणि संध्याकाळपर्यंत मी सगळं विसरलो तर?"

"तर फॉस्फेटेज जिंकला."

त्यांच्या वर्गात 'विसरलो' हा शब्द बंद होता. प्रयोगवही घरी राहिली तरी पोट्टे उभे राहून गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "मॅडम, फॉस्फेटेज जिंकला." एकानं तर परीक्षेत उत्तराच्या जागी तेवढंच लिहिलं. मॅडमनी त्याला भोपळा दिला, पण तो पेपर स्टाफरूमभर फिरवून दाखवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

बाई बुटक्या, आवाज मात्र पार मैदानापर्यंत जाणारा. दुपट्टा कमरेला खोचलेला, पायात कायम कॅनव्हासचे बूट, आणि चालणं असं की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. प्राचार्यांना त्या तोंडावर "तुमाले समजून नाई राह्यलं" म्हणायच्या, आणि प्राचार्य ते ऐकून घ्यायचे. राग नाकावर; पण तासाभरानं तोच माणूस समोर आला की त्याला बडीशेप द्यायच्या.

कुरत्याचं उदाहरण घरचंच होतं. त्यांच्या अब्बांचं बाजारात टेलरिंगचं दुकान होतं आणि लहानपणी काज-बटणाचं काम मॅडमकडे असायचं. अब्बांना मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती. मेडिकलला नंबर लागला नाही. "अब्बा गेले, पण तो 'डॉक्टर' शब्द माह्याजवळच राह्यला," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पीएच. डी.ला नाव नोंदवलं तेव्हा स्टाफरूममध्ये बरीच कुजबुज झाली. आता रिटायर व्हायच्या वयात डॉक्टर होऊन काय करायचं, असं कुणीतरी विचारलंही. "दारावरच्या पाटीत नावाच्या आधी जागा रिकामी हाय," मॅडम म्हणाल्या. खरं कारण मला नंतर कळलं. पुस्तकात मेंदूबद्दल जे जे लिहिलंय ते सगळं दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठंतरी पाहिलेलं आहे, हे त्यांना सलत होतं. एक तरी गोष्ट राजुऱ्यात बसून आपल्या डोळ्यांनी पाहायची होती.

त्यांचा प्रयोग मला कळला, म्हणजे तो कुणालाही कळेल. नुकतं अंड्यातून निघालेलं कोंबडीचं पिल्लू चकाकणाऱ्या कुठल्याही वस्तूवर चोच मारतं. मॅडम तारेच्या टोकाला एक मणी लावायच्या आणि तो भुईनिंबाच्या काढ्यात बुडवून पिल्लापुढं धरायच्या. आमच्या जंगलात भुईनिंब मुबलक, आणि त्याच्याइतकं कडू मी दुसरं काही चाखलेलं नाही. दाट काढ्याचा मणी एकदा टोचला की पिल्लू दुसऱ्या दिवशी त्या मण्याकडे पाहून मान फिरवतं. काढा पातळ असला तर पिल्लू त्या वेळी डोकं झटकतं, पण दुसऱ्या दिवशी सगळं विसरून पुन्हा टोचायला येतं. मॅडमचा अंदाज असा, की दाट काढा चाखलेल्या पिल्लांच्या मेंदूत एका ठरावीक कायनेजची बटणं टिकून राहत असणार आणि पातळवाल्यांची गळून पडत असणार. हे मोजून दाखवलं की प्रबंध पुरा.

काढ्याची प्रत्येक खेप त्या आधी स्वतः चाखायच्या. "मी नाई चाखली आन पिल्लाले देऊ?" त्या महिन्यांत त्यांना चहा गोड लागत नव्हता. लागणाऱ्या परवानग्या त्यांनी रीतसर नागपूरहून आणल्या होत्या, तरी पिल्लू हातात घेतल्यावर त्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या. मी कधी विचारलं नाही. पिल्लं यायची त्यांचा भाऊ सलीम याच्याकडून. त्याचं बसस्टँडजवळ कोंबडीचं दुकान होतं, आणि दोघं एकाच घरात राहायची. प्रयोग चालू असताना त्या घरात कोंबडी शिजायला मनाई होती. "सर, साऱ्या राजुऱ्याले चिकन खाऊ घालतो न घरी वांगे खाऊन राह्यलो," सलीमभाई मला रस्त्यात थांबवून सांगायचा.

एक अडचण होती. पिल्लाचा मेंदू काढला की त्याच क्षणी गोठवावा लागतो. उशीर झाला, किंवा गोठवलेला मेंदू मधेच जरा उबला, तर आतला फॉस्फेटेज कात्री घेऊन सुटतो आणि सगळी बटणं साफ करून टाकतो. मोजायला काही उरत नाही. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो, आणि मोजायचं यंत्र होतं थेट नागपूरला. राजुऱ्यात नायट्रोजन कुठून आणायचा? कॉलेजातल्या शहाण्यांनी हात वर केले. मॅडमनी स्कूटी काढली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. गाई-म्हशींना भरवायच्या रेताच्या कांड्या तिथं नायट्रोजनच्या कॅनमध्येच ठेवलेल्या असतात. तिथले भोयर भाऊ गावोगाव फिरून कृत्रिम रेतनाचं काम करायचे. अबोल, सज्जन माणूस. त्यांनी डॉक्टरसाहेबांना विचारून एक जुना कॅन मॅडमना दिला आणि नायट्रोजनची गाडी आली की दर वेळी तो भरूनही देऊ लागले. मॅडम कॅनमध्ये लाकडी पट्टी बुडवून वर काढायच्या आणि तिच्यावर कुठवर बर्फ धरलाय ते पाहून किती नायट्रोजन उरला ते सांगायच्या.

सगळे मेंदू छोट्या नळ्यांत भरून झाले, नागपूरला न्यायचा दिवस ठरला, आणि वर्धा नदीला पूर आला. बल्लारशाच्या बाजूचा पूल पाण्याखाली गेला. नायट्रोजनची गाडी पलीकडच्या काठावर अडकली. दवाखान्याचा कॅनही तळाला आला होता आणि मॅडमचाही. भोयर भाऊंनी मार्ग काढला: दोन्हींतला नायट्रोजन एका कॅनमध्ये ओतायचा आणि पूर ओसरेपर्यंत तो उघडायचा नाही. कॅनच्या आत लांब दांड्याचे डबे लटकत असतात. एका डब्यात दाट काढ्याच्या पिल्लांच्या नळ्या, एकात पातळ काढ्याच्या, आणि तिसऱ्यात रेताच्या कांड्या. आपल्या दोन्ही दांड्यांना मॅडमनी लाल दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना घेऊन दवाखान्यात गेलो, तेव्हा जिवतीच्या घाटाखालच्या एका गावातून पार्वताबाई नावाची बाई भिजत आली होती. तिची म्हैस माजावर आली होती.

"बाई, चार दिवस थांब ना," भोयर म्हणाले. "कॅन हालवला का मॅडमचं नुकसान होते."

"म्हैस थांबन का चार दिवस?" पार्वताबाई म्हणाली. "दोनदा भरवली, दोनदा उलटली. ह्या बारी गेली तर भाकड म्हणून इकून टाकतो म्हणते घरचे." मग तिनं मॅडमकडे पाहिलं. "तुमचं कोणतं जनावर हाय जी त्याच्यात?"

"कोंबडीचे पिल्लं."

"काय बाई! कोंबडीले बी सुई देऊन राह्यले आता?"

मॅडमना हसू आलं. मग त्यांनी झाकण क्षणभर उचलून पट्टी बुडवून पाहिली, पुसली, खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं. त्या नळ्यांत त्यांची तीन वर्षं होती, हे तिथं फक्त मला आणि भोयरना माहीत होतं. "भाऊ, उचला कॅन," त्या म्हणाल्या. "मी बी येते संगं. सर, तुमची गाडी काढा."

कॅन मांडीजवळ धरून त्या मागच्या सीटवर बसल्या आणि प्रत्येक खड्ड्याला मला शिव्या घातल्या. गोठ्यात पोचलो तेव्हा वीज नव्हती. म्हैस अस्वस्थ, पाऊस पत्र्यावर बदडत होता. भोयरनी टॉर्च दातात धरला आणि झाकण काढलं. पांढरा धूर उसळला. त्यांनी दांडा धरून डबा वर घेतला आणि चिमट्यानं कांडी शोधायला लागले. कांडी सापडेना, म्हणून डबा पुरता बाहेर काढून उजेडात धरला. दांड्याच्या लाल दोऱ्यावर बर्फाचा थर चढला होता. त्यांना तो दिसलाच नाही.

"भाऊ!" मॅडम एवढ्यानं ओरडल्या की म्हशीनं दावं ताणलं.

भोयरनी डबा पटकन आत सोडला. काय झालं ते त्यांना कळलं, आणि त्यांचे हात लटलट कापायला लागले. मी मॅडमकडे पाहायचं टाळलं. आता हा गोठा दणाणणार असं मला वाटलं, कारण मी त्यांना पंख्याचं बटण चालू राहिलं म्हणून शिपायाला फाडून खाताना पाहिलं होतं.

"आधी म्हशीचं करा," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "हात काऊन कापून राह्यला? तुमचा हात कापला तर हिचं बी जाईन. दम घ्या. हं. दुसरा दांडा, भाऊ. ज्याले दोरा नाई तो."

भोयरनी काम नीट केलं. मॅडम बाहेर जाऊन पत्र्याखालच्या दगडावर बसल्या. पार्वताबाईनं कोरा चहा आणून दिला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायल्या नाहीत. परतीच्या वाटेत खड्डे संपून चांगला रस्ता लागला, तेव्हा मागून आवाज आला, "भाऊ, नशीब माही नजर पडली. नाईतर त्या म्हशीले कोंबडीचं पिल्लू झालं असतं." भोयर हसले, पण मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

पूर ओसरल्यावर मीच त्यांना कॅनसकट नागपूरला नेलं. थोड्या दिवसांनी निकाल पाहायला बोलावणं आलं, तेव्हाही मी बरोबर होतो. मॅडमचे मार्गदर्शक निवृत्तीला आलेले, हसतमुख गृहस्थ. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे फिरवला. दाट काढ्याच्या पिल्लांच्या रेघा ठसठशीत काळ्या, पातळवाल्यांच्या पुसट; रेघ जितकी काळी तितकी बटणं जास्त. "नसीमताई, अभिनंदन," ते म्हणाले. "तुमचा अंदाज बरोबर निघाला."

मॅडमचा चेहरा उजळला. खरंच उजळला, तो मी विसरणार नाही. मग त्या पडद्याजवळ गेल्या, रेघांखालचे नळ्यांचे आकडे वाचले आणि हळूहळू मागे येऊन खुर्चीत बसल्या.

"सर, पातळवाल्यांचा हा तोच डबा हाय," त्या म्हणाल्या. "गोठ्यात वर आलेला."

झालेला प्रकार त्यांनी आधीच सांगितला होता. मार्गदर्शकांनी मान हलवली. "हो, पण थोडाच वेळ ना? काही झालं नसेल."

"नसन झालं. पण झालं बी असन. पातळवाल्यांचे बटणं कमी दिसून राह्यले, खरं हाय. पण ते त्याहीच्या डोक्यात असतानीच तुटले, का पार्वताबाईच्या गोठ्यात तुटले, हे मी कसं सांगू?"

"तळटीप टाका की तसं झालं म्हणून. ताई, तुमची मुदत या महिनाअखेर संपते आहे. मीही निवृत्त होतोय. सगळं पुन्हा करायचं तर वर्ष जाईल. नीट विचार करा."

"केला, सर. त्या नळ्या बाजूले काढा."

मला त्यांचा राग आला होता. बाहेर आल्यावर मी बोललोही, की बाई, कुणी म्हणजे कुणी विचारणार नव्हतं. वरोरा मागे पडल्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि दुपट्ट्यानं डोळे पुसले. पुसतच राहिल्या. मी गाडी हळू केली. "अब्बांले काय सांगू, सर?" एवढंच म्हणाल्या. त्या क्षणी माझा राग गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते आजवर तसंच आहे. इतका सरळ माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मुदत संपली. नोंदणी गेली. मॅडम पुन्हा पोरांची बटणं शिवू लागल्या. भोयर भाऊंनी मात्र हाय खाल्ली. आपल्या हातानं एका बाईची डॉक्टरकी बुडाली, हे त्यांच्या मनातून जाईना. मॅडम समोरून आल्या की ते दुसऱ्या गल्लीत वळायचे. मॅडमना नायट्रोजन मिळायचा, पण कॅन भरून दवाखान्याच्या ओट्यावर ठेवलेला असायचा, भोयर तिथं नसायचे. नायट्रोजन कशाला लागतो, असं मी विचारलं तेव्हा मॅडमनी विषय बदलला. नंतर माझी बदली संस्थेच्या कुरखेड्याच्या कॉलेजात झाली.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी राजुऱ्याला गेलो होतो. दुपारी सहज कॉलेजात डोकावलो. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं आणि आतून पिल्लांचा चिवचिवाट येत होता. मॅडम जरा वाळल्या होत्या, पण आवाज तोच. "काऊन जी सर, आता याद आली का आमची?" त्यांनी सगळा प्रयोग पुन्हा केला होता. ना नोंदणी, ना मार्गदर्शक, ना पदवी. नागपूरच्या नव्या साहेबांकडे जाऊन बसायचं, सुट्टीत यंत्र रिकामं असेल तेव्हा नळ्या लावायच्या, असं करत करत. त्यांनी माझ्यापुढं आलेख ठेवला. दोन खांब शेजारी शेजारी, उंचीला अगदी सारखे.

"म्हणजे?"

"म्हणजे फरक नाई!" त्यांनी टाळी वाजवली. "दाट असो का पातळ, ह्या कायनेजचे बटणं सारखेच. कडू याद ठेवणारा कोणी दुसराच हाय. त्या दिवशी पडद्यावर दिसला तो फरक गोठ्यातला होता, सर, डोक्यातला नव्हता. तेव्हा प्रबंधावर सही केली असती ना, तर जन्मभर खोटी डॉक्टर म्हणून फिरली असती मी."

त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. आलेखाची घडी घालून त्यांनी पर्समध्ये टाकली, पिल्लांच्या खोक्यावर जाळी ठेवली आणि स्कूटीची किल्ली शोधायला लागल्या.

"कुठं निघालात एवढ्या उन्हाचं?"

"भोयरले सांगाले. इतके दिवस झाले, मान वर करून पाहत नाई तो माह्याकडं. त्याले वाटते, माहं खरं उत्तर त्यानं बुडवलं. अरे बाबा, माह्याजवळ बुडवाले खरं उत्तर होतं कुठी?"

मी आलेखाचाच विचार करत होतो. मी म्हणालो, "पण मॅडम, तो डबा वर आला नसता, तर हेच उत्तर तुम्हाला तेव्हाच, मुदतीत मिळालं असतं. फरक नाही, असं लिहूनही पदवी मिळाली असती की."

मॅडम दारात थांबल्या. वर्गात कुणी बरोबर उत्तर दिलं की त्या जशा पाहायच्या, तसं माझ्याकडे पाहिलं.

"हे त्याले सांगाचं नाई," त्या म्हणाल्या.

मग दुपट्टा डोक्यावर घेतला, स्कूटी सुरू केली, आणि त्या भर उन्हात जनावरांच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.